पाडव्याची वही

लक्ष्मीपूजनाला आमच्या वडगाव रासाईच्या घरात पाटावर दोन वह्या मांडल्या जायच्या. एक आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची. लाल बांधणीची, लांबट, आत गुळाच्या ढेपा, हुंडेकरी, मजुरी, उचल असा सगळा हिशोब. दुसरी आमची. शंभर पानी, तपकिरी पुठ्ठ्याची, कडा उंदरानं कुरतडलेल्या. त्या वहीत त्या वर्षी घरात आलेल्या कॅसेटींचे नंबर असायचे: पहिला, दुसरा, तिसरा, क्वचित चौथा. आबा दोन्ही वह्यांना सारखंच हळदकुंकू लावायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, की हिला कशाला. घरात जे लिहून ठेवलंय त्याची पूजा करायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

नंबर ठरायचे दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या रात्री. भाऊबीजेसाठी आत्या, लग्न झालेल्या चुलतबहिणी, पुण्याला शिकणारे भाऊ सगळे तोवर घरी आलेले असायचे. म्हणून आमचं साल जानेवारीत सुरू होत नसे. ते पाडव्याला संपायचं आणि पाडव्यालाच उघडायचं, आबांच्या हिशोबासारखं.

सुरुवात १९८२ ची. आमचे थोरले चुलते, तात्या, मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. महिनाभरात मिटेल असं धरून ते गावी आले, येताना वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि घोंगडीत गुंडाळलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टेप घेऊन. एका ओळखीच्या खलाशाकडून त्यांनी तो दोन वर्षं पैसे साठवून घेतला होता. संप मिटला नाही. तात्या पुन्हा मुंबईला गेले ते फक्त हिशोबाच्या चकरा मारायला. टेप मात्र आमच्या ओसरीतल्या कोनाड्यात बसला तो कायमचा.

त्या टेपला चार मोठे सेल लागायचे. लाइट असली तर वायर होती, पण लाइट बहुतेक रात्री शेतातल्या मोटारींसाठी यायची आणि घरात दिवा लावावासा वाटे तेव्हा नसायची. सेल महाग, म्हणून ऐकणं मोजून. रात्रीची जेवणं झाली, आबांनी रेडिओवरच्या बातम्या ऐकून घेतल्या, की कॅसेटची एक बाजू. गाण्याचा आवाज जड व्हायला लागला, लताबाईंचा आवाज पुरुषासारखा यायला लागला, की सेल उतरले असं समजायचं. ते काढून दुसऱ्या दिवशी माळवदावर उन्हात ठेवायचे. उन्हानं त्यांच्यात जीव येतो असा आमचा विश्वास होता आणि खरंच आणखी एक बाजू निघायची.

नंबर लावायची कल्पना दादाची, म्हणजे तात्यांच्या थोरल्या मुलाची. मुंबईत असताना त्यानं बिनाका गीतमाला एक बुधवार न चुकवता ऐकली होती. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून चाललेला तो कार्यक्रम, अमीन सायानींचा आवाज, दर आठवड्याच्या पायऱ्या आणि वर्षाच्या शेवटी वर्षभरातल्या गाण्यांची उतरंड. दादाला ती उतरंड लावायची ओढ होती. पण गावात रोज नवं गाणं कुठून येणार? वर्षाला चार-पाच कॅसेटी यायच्या. म्हणून तो म्हणाला, आपण गाण्याला नंबर नको द्यायला, अख्ख्या कॅसेटीला देऊ. आज वाटतं, केवढं शहाणपण होतं त्यात. एक गाणं कुणाचंही जमून जातं. दोन्ही बाजूंची दहा-बारा गाणी सलग ऐकवणं, एकदाही उठून पुढे न पळवता, हे फार थोड्यांना साधतं.

मतदान शंकरपाळ्यांनी. कॅसेटींची कव्हरं सतरंजीवर ओळीनं मांडायची, ज्याला जी आवडली तिच्यावर त्यानं एक शंकरपाळी ठेवायची. मग मोजणी. घरातल्या जुन्या कव्हरांवर अजून तेलाचे डाग आहेत. ‘पिंजरा’च्या कव्हरावर तर डागांनी चित्रच पुसट झालंय, कारण १९८२ च्या पाडव्याला त्यावर नऊ शंकरपाळ्या पडल्या होत्या.

इथंच पहिलं भांडण झालं. ‘पिंजरा’ १९७२ चा. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी. दहा वर्षं जुन्या गाण्यांना या सालचा पहिला नंबर कसा द्यायचा? धाकटे चुलतभाऊ, बापू, हिशोबी स्वभावाचे. ते म्हणाले, ज्या साली निघाली त्या सालच्या पानावर लिहा. दादा म्हणाला, मग आपल्या वहीत पानंच उरणार नाहीत, सगळी मागंच लिहावी लागतील. शेवटी आबांनी निकाल दिला. “ज्या साली घरात आलं ते त्याचं साल. सून कोणत्या साली जन्मली ते बघून कुणी माप ओलांडायला लावतं का?”

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन आकडे आहेत. एक घरात आल्याचा आणि कंसात एक निघाल्याचा. या दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं तर आमच्या गावाचा सगळा रस्ता दिसतो. सुरुवातीला ते दहा वर्षांचं आहे. मग कधी चार, कधी सात, पुढे दोन, आणि शेवटच्या पानावर शून्य. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एसट्या वाढल्या, तात्यांची अक्का लग्न होऊन पुण्याला गेली, टी-सिरीजनं कॅसेट स्वस्त केली, शिरूरला एकजण आपल्या यादीनुसार कोऱ्या कॅसेटीत गाणी भरून द्यायला लागला, हे सगळं त्या कंसांत आहे.

लिहायचं काम माझं. माझं अक्षर बरं होतं. मत मात्र मला नव्हतं, घरातल्या कुठल्याच मुलीला किंवा बाईला नव्हतं. तसा नियम कुणी केला नव्हता. पाडव्याच्या रात्री बायका स्वयंपाकघरात असायच्या आणि मुली त्यांच्या हाताखाली. मला तेवढी वहीपुरती बाहेर हाक यायची.

दुसरा मोठा नियम होता चालीचा. आमच्या घरात कॅसेटीचे दोनच प्रकार मानले जायचे, चालीची आणि ठेक्याची. चालीची म्हणजे वाजायची थांबल्यावरही जी ओठांवर राहते, दारं धरताना, मोटेवर, दळताना गुणगुणता येते. ठेक्याची म्हणजे जिच्यावर पाय हलतात, पण सकाळी आठवत नाही. नंबर फक्त चालीच्या कॅसेटीला. गाणं कितीही जोरकस असो, वाद्यं कितीही असोत, मधून एक सुरेल धागा ओढला गेला पाहिजे, नाहीतर कॅसेट बाद. आणि तिसरा नियम असा, की ‘गीतरामायण’, भीमसेनांची अभंगवाणी आणि लताबाईंचे ‘अभंग तुकयाचे’ हे नंबराच्या बाहेर. “ते देवघरातलं,” आबा म्हणायचे. “ते नंबरात बसवायचं नाय.” पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा गावात एकाच घरी रेडिओ होता. आबा तिथे दर आठवड्याला जाऊन बसायचे. छप्पन्न गाणी, वर्षभर. त्यातलं किती ऐकता आलं आणि किती पेरणीनं चुकलं हे त्यांना पाठ होतं.

१९८३ चं पान मला सगळ्यांत जपून ठेवावंसं वाटतं. त्या वर्षी वैशाखात अक्काचं लग्न झालं. आमच्या घरातल्या या पिढीचं पहिलं लग्न. मांडवावर कर्णा बांधला होता आणि कर्णेवाल्याकडे ‘अष्टविनायक’ची रेकॉर्ड होती. १९७९ चा सिनेमा, अनिल-अरुण यांचं संगीत. रांजणगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे त्यातलं आठ गणपतींचं गाणं आम्हाला घरचंच वाटायचं. पण त्या दिवशी कर्णेवाल्यानं पाठवणीच्या वेळी दुसरं गाणं लावलं. मुलीला निरोप देणाऱ्या बापाचं. पडद्यावर बाप झालेत वसंतराव देशपांडे आणि गायलंयही त्यांनीच. एवढा मोठा शास्त्रीय गवई, पण त्या गाण्यात गवईपण पार मागे ठेवून निव्वळ बाप होऊन गायलाय. तात्या मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी त्यांना गिरणी गेल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं.

तीस जुलैला वसंतराव गेले. रेडिओवर बातमी आली तेव्हा तात्या शेतातून नुकतेच आले होते, हातात विळा तसाच. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी शिरूरला गेले आणि ‘अष्टविनायक’ची कॅसेट घेऊन आले. त्या पाडव्याला बाकीची कव्हरं सतरंजीवर मांडलीच नाहीत. मी वहीत लिहिलं: ‘अष्टविनायक, १९८३ (१९७९), पहिला. दुसरा नाही.’

पुढच्या वर्षी ‘जैत रे जैत’ आली. या कॅसेटीबद्दल मी जरा थांबून सांगणार आहे, कारण माझं आजही मत आहे की मराठीत कॅसेट म्हणून हिच्याएवढी सलग वस्तू झाली नाही. १९७७ चा सिनेमा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकरांची गोष्ट, डोंगरातल्या मधाची. महानोर पळसखेडचे शेतकरी, हे आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, तरीच. रानाचे, पावसाचे, पिकाचे जे शब्द त्यात येतात, ते बांधावर उभं राहिल्याशिवाय सुचत नाहीत. आणि हृदयनाथांच्या चाली! ऐकायला लोकगीतासारख्या, म्हणायला गेलं तर मध्येच असा सूर लागतो, की दम संपतो. आमच्या घरात सगळ्यांनी ती गाणी म्हणून पाहिली आणि सगळे एकाच जागी अडकले. गाणं ढोलावर चाललेलं असतं, तरीही ढोल गाण्याच्या मागून चालतो. चाल आणि ठेका यांचं भांडण त्या कॅसेटीत नव्हतंच. आम्हाला ते तेव्हा समजलं नाही, समजायला वीस वर्षं गेली.

त्यात आशाबाईंचं पावसाचं गाणं आहे. एका रात्री ते चालू असताना टेपमधून किचकिच आवाज आला आणि गाणं गुदमरलं. आम्ही सगळे ओरडलो, “खाल्ली, खाल्ली!” तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गिरणीत ते धाग्यावर काम केलेले. तुटलेला धागा सापडून पुन्हा जोडणं हे त्यांचं वीस वर्षांचं काम. त्यांनी कंदील जवळ ओढला, झाकण उघडलं, रबरी चाकाभोवती गुंडाळलेली टेप बोटाच्या टोकानं एकेक वेढा उलटा काढत सोडवली. तपकिरी, चकचकीत, केसासारखी हलकी. काही भाग असा चुरगळला होता की सरळ होईना. ब्लेडनं तो कापून टाकला. चार बोटं. त्यांनी तो तुकडा हाताच्या चार बोटांवर धरून बघितला, म्हणून मला माप आठवतं. मग दोन्ही टोकं तिरकी कापली, सरळ नाही, तिरकी, म्हणजे जोडावरून जाताना टक आवाज येत नाही. मागच्या बाजूनं चिकटपट्टीचा बारीक तुकडा, नखानं दाबून. शेवटी शिसपेन्सिल चाकात घालून हळूहळू टेप आत ओढून घेतली. तेवढा वेळ ओसरीत कुणी बोललं नाही.

कॅसेट पुन्हा चालली. गाण्यात मात्र चार बोटांची फट पडली. एक शब्द अर्धा आणि पुढचा पूर्ण नाहीसा झाला. पुढच्या काही वर्षांत ते गाणं आम्ही इतक्या वेळा ऐकलं की ती फटही आम्हाला पाठ झाली. आम्ही सगळी भावंडं ते गाणं तसंच म्हणायचो, फटीसकट. माझी धाकटी चुलतबहीण शाळेच्या स्नेहसंमेलनात तसंच म्हणून आली. वर्गातल्या मुलींनी सांगितलं की तू चुकलीस. घरी येऊन ती रडली. तिला ते चुकलंय हेच पटेना.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ही आमच्या घरातली वादळी वर्षं. आम्ही सगळे सोळा ते पंचवीसच्या मध्ये होतो, प्रत्येकाचा आवाज मोठा झालेला. बापू पुण्याला इंजिनिअरिंगला गेले होते. वसतिगृहातून ते एक भरलेली कॅसेट घेऊन आले. ‘युरोप’ नावाचा स्वीडनचा बँड, १९८६ चा अल्बम ‘द फायनल काउंटडाउन’. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, उंच पट्टीत गाणारा गायक. बापूंचं म्हणणं, हे रॉक आहे पण चालीचं रॉक आहे, नियमात बसतं. ते वसतिगृहात याच्याही याद्या करायचे, कुठल्या साली कुठला बँड वरचा. आम्ही ऐकून पाहिलं. गंमत म्हणजे चाल खरोखरच होती. सुरुवातीला वाजणारा तो तुतारीसारखा कीबोर्डचा तुकडा दुसऱ्या दिवशी आजीच्या तोंडात होता. ती शेण सारवता सारवता तो गुणगुणत होती आणि मध्येच म्हणाली, ही कुठली पिपाणी रं बापू, छान आहे. बापूंना आयुष्यात कुठल्याही निकालाचा इतका आनंद झाला नसेल. पण शब्द कुणालाच कळत नव्हते, म्हणून मतं पडली नाहीत. मी ते नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, ‘परदेशी’ असं वर लिहून. पुढे त्या पानावर बॉन जोव्हीचं नाव आलं आणि आणखीही काही. ते पान बापूंचं एकट्याचं राहिलं.

दुसरीकडे १९८७ ला आनंद शिंदे यांची पोपटाची कॅसेट आली आणि गावंच्या गावं तिच्यावर नाचली. आमचे धाकटे चुलते, अण्णा, ट्रॅक्टर चालवायचे. त्यांनी ती घेतली आणि ट्रॅक्टरवरच्या टेपवर लावली. ऊस भरलेली ट्रॉली न्यायची, रिकामी आणायची, तेच गाणं. पाडव्याला अण्णांनी तिचं कव्हर सतरंजीवर ठेवलं. दादानं ते उचलून बाजूला केलं. “ही ठेक्याची.” अण्णा म्हणाले, “आरं, ठेका म्हंजी काय कमी हाय का? तुमी म्हणता त्या चालीवर कुणाच्या अंगातला शीण जातो?” दादानं ऐकलं नाही. ‘सर्जा’ आणि ‘गंमत जंमत’ यांच्यात नंबर वाटले गेले. एकीकडे पुन्हा हृदयनाथ आणि महानोर, दुसरीकडे अरुण पौडवालांचं संगीत आणि किशोरकुमारचा मराठीतला आवाज. अण्णा त्या रात्री जेवायला ओसरीवर बसले नाहीत.

आज वही चाळताना मला त्या निकालाची सगळ्यांत जास्त खंत वाटते. एकट्या पोपटापुरती ती नाही. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आमच्या शिवारात दर हिवाळ्याला यायचा. ऊसतोडीच्या टोळ्या बीड-नगरकडून यायच्या, आमच्या मळ्याच्या कडेला कोप्या घालायच्या. दिवसभर कोयता चालवून रात्री शेकोटीपाशी त्यांचा टेप सुरू व्हायचा. विठ्ठलाची गाणी, आणि तो मोकळा, फाटका, तरीही सुराला पक्का आवाज. थंडीत तो भीमेच्या पाण्यावरून लांब जायचा. आम्ही अंथरुणात पडून ऐकायचो. ती गाणी चालीचीच होती, मी आज डोळे मिटून चारपाच म्हणू शकते. पण ती कॅसेट आमच्या घरात आली नाही, मळ्याच्या कडेलाच राहिली, आणि आम्ही फक्त घरात आलेल्याला नंबर दिले. आमच्या वहीत बावीस वर्षांत प्रल्हाद शिंदे यांचं नाव एकदाही नाही. दोष त्यांच्या गाण्यात नव्हता, आमच्या उंबऱ्यात होता.

१९९२ च्या पाडव्याला उंबऱ्याच्या आतलंच एक उलटलं. ‘माहेरची साडी’ आदल्या वर्षी आला होता. आमच्या घरातल्या आणि भावकीतल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शिरूरला तो पाहून आल्या. आल्यावर आठवडाभर स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. कॅसेटही घेतली गेली, आईनं म्हशीच्या दुधाच्या पैशांतून घेतली. पाडव्याला ती कव्हरांच्या ओळीत होती, पण एकाही पुरुषानं तिच्यावर शंकरपाळी ठेवली नाही. मी मोजणी लिहायला पेन उघडलं आणि आतून आई, दोन्ही चुलत्या आणि आजी बाहेर आल्या. आईच्या हातात शंकरपाळ्यांचं ताट. ती काही बोलली नाही. कव्हरापाशी बसली आणि एक ठेवली. मग थोरल्या चुलतीनं, मग धाकटीनं, मग आजीनं. मग आईनं माझ्याकडे बघितलं. मी दहा वर्षं ती वही लिहीत होते. मी पेन खाली ठेवलं आणि ताटातली एक उचलली. पाच मतं झाली. दुसऱ्या कुठल्याही कॅसेटीला चारच्या वर नव्हती.

संगीत म्हणून ती कॅसेट सर्वांत चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अक्षरात लिहिलेला तो पहिला नंबर मला त्या वहीतला सर्वांत खरा वाटतो. पुढच्या वर्षीपासून बायकांसाठी सतरंजी मोठी अंथरली जाऊ लागली.

मग लग्नं, नोकऱ्या, वाटण्या. घर तेच, चुली तीन झाल्या. पाडव्याला मात्र सगळे तात्यांच्या ओसरीत. १९९८ ला बापूंनी पुण्याहून ‘गारवा’ आणली. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंच्या चाली आणि त्यांचाच आवाज, गाण्याआधी सौमित्रचं ते बोलणं. त्याच वर्षी निघाली आणि त्याच वर्षी घरात आली. तिच्या नोंदीत कंसाची गरज पडली नाही. तिच्यात चाल आणि गिटार एकत्र नांदत होती, बापूंच्या शेवटच्या पानावरची गिटार आणि आमच्या पहिल्या पानावरची चाल. मला धास्ती होती ती अण्णांची. आमचा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस म्हणजे भिजायची मौज नाही, तो आला की पीक, नाही आला की कर्ज. नदीकाठ म्हणून आम्ही तरलो, तेही भीमेत पाणी सुटलं तर. शहरातल्या तरुण माणसानं पावसावर केलेलं हे सगळं अण्णांना कसं वाटेल? ते दोन्ही बाजू संपेपर्यंत बसले. मग म्हणाले, “पाऊस यायच्या आधी जीव कसा कोंडतो ते त्याला ठाऊक हाय.” आणि शंकरपाळी ठेवली.

शेवटचं पान २००४ चं. ‘अगं बाई अरेच्चा!’, संगीत अजय-अतुल. वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळे या दोघा भावांचं बालपण जुन्नर, शिरूर, घोडेगाव असं आमच्याच मुलखात गेलंय, हे दादानं कुठेतरी वाचून सगळ्यांना सांगितलं होतं. त्यात खंडोबाच्या जागरणाच्या अंगाचं एक गाणं आहे. आमचं कुलदैवत जेजुरीचं. घरात लग्न झालं की जागरण घालायचं, वाघ्या-मुरळी रात्रभर. तेच दिमडीचं आणि संबळाचं वळण, पण मागे केवढा तरी वाद्यवृंद, आणि वर चढत जाणारी चाल. सतरंजीवर अण्णा आणि दादा समोरासमोर बसले होते, दोघांचे केस पिकलेले. गाणं संपल्यावर दादानं शंकरपाळी उचलली ती अण्णांच्या हातात दिली. “तुम्ही ठेवा,” म्हणाला. सतरा वर्षांपूर्वीचं कव्हर दोघांनाही आठवत होतं. प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

पुढच्या दिवाळीला पुतण्यानं एक सीडी आणली, दीडशे गाण्यांची. कुठलं गाणं कुठल्या कॅसेटीतलं हे तिच्यावर लिहिलेलंच नव्हतं. आम्ही सतरंजी अंथरली होती. मांडायला कव्हर एकच होतं, आणि त्यावर एकाही गायकाचं नाव नव्हतं. थोडा वेळ बसलो, शंकरपाळ्या खाल्ल्या आणि उठलो. वही मी माहेरून माझ्या घरी आणली. त्याआधी त्या लक्ष्मीपूजनाला तिला शेवटचं हळदकुंकू लागलं, आबांच्या जागी तात्यांच्या हातानं.

गेल्या दिवाळीला आम्ही पुन्हा सगळे वडगावला जमलो होतो. तात्या ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, पण ओसरीत येऊन बसतात. पुतणीनं मोबाइलवरून छोट्या स्पीकरवर गाणी लावली होती, तिची तिची. मध्येच आशाबाईंचं ते पावसाचं गाणं लागलं. आम्ही सगळेच म्हणायला लागलो, दादा, बापू, अक्का, मी, धाकटी. तो जोड आला आणि आम्ही पाचही जण एकदम पुढच्या शब्दावर गेलो. गाणं मात्र मागेच राहिलं. स्पीकरमधून एक शब्द सावकाश आला, जो आमच्यापैकी कुणीही चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. पोरांना काही कळलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

तात्यांनी हात वर केला, टेप अडकल्यावर करायचे तसाच. “मागं घे,” ते पुतणीला म्हणाले. तिनं बोटानं गाणं मागं ओढलं. तो शब्द पुन्हा आला. “आणखी एकदा.” तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मान तिरकी करून कान स्पीकरजवळ नेला. मग उजवा हात समोर धरला, अंगठा आत दुमडून, आणि आपल्या चार बोटांकडे बघत बसले.